कर्दळीच्या वाफ्यात सांडपाणी वर साचतंय, खडी बदलावी का?

निचरा:
40 घरांचं न्हाणीचं आणि स्वयंपाकघरातलं पाणी निवळण टाकीतून खडीच्या वाफ्यात सोडलंय. संडासाची लाइन वेगळी आहे. रोजचं पाणी अंदाजे 12 हजार लिटर, वाफा 200 चौ.मी., खडी 60 सें.मी., वर कर्दळ. आता पाणी शिरतं तिथेच पहिल्या दोन मीटरात डबकं होतंय आणि वास मारतोय. पुढचा वाफा कोरडा दिसतो. सगळी खडी काढावी लागेल का? आणि बाहेर पडणारं पाणी भाजीला चालेल का?

गाळउपसा:
सगळी खडी अजिबात काढू नका. वाफ्याचं माप बरोबर आहे. 12 घनमीटर पाणी तीन दिवस थांबवायचं म्हणजे 36 घनमीटर जागा हवी. खडीतली पोकळी 35 टक्के आणि पाण्याची खोली अर्धा मीटर धरली तर साधारण 206 चौ.मी. होतात. बाहेरच्या पाइपाची पातळी चढली असती तर पाणी सगळीकडे वर आलं असतं. फक्त तोंडाशी साचतंय म्हणजे तिथली खडी चिकट गाळाने बुजली आहे, आणि तो गाळ टाकीतून येतोय.

लांब काठीला पांढरं फडकं गुंडाळून टाकीच्या तळापर्यंत सोडा, थोडं थांबून हळूच वर घ्या. काळा डाग जिथपर्यंत, तिथपर्यंत गाळ. वर तरंगणारी तेलकट साय आणि हा गाळ मिळून खोलीच्या एक तृतीयांशावर गेले असतील तर आधी उपसा. टाकीतून बाहेर जाणाऱ्या पाइपाला टी (इंग्रजी T आकाराचा जोड) आहे ना, तेही बघा. तो तुटला की साय थेट वाफ्यात जाते. स्वयंपाकघराच्या लाइनवर तेल अडवणारं चेंबर हवंच, आणि त्यातली साय दर आठवड्याला काढायची. हे झाल्यावरच तोंडाकडची दोन मीटर खडी काढून धुवा. धुतलेलं पाणी वाफ्यात सोडू नका. अगदी तोंडाशी 40 ते 80 मि.मी.चे दगड भरा, पुढे 10 ते 20 मि.मी.ची खडी. टाकीआधीच खडीला हात घातलात तर नवी खडीही तशीच बुजेल.

ओलावा:
कच्च्या खायच्या भाजीला हे पाणी नको. संडास वेगळा असला तरी अंघोळीच्या आणि बाळाच्या कपड्यांच्या पाण्यातून विष्ठेतले जंतू येतातच. जागतिक आरोग्य संघटनेने 1989 मध्ये अशा पिकांसाठी 100 मि.लि.मध्ये विष्ठेतले कॉलिफॉर्म जंतू जास्तीत जास्त 1000 अशी मर्यादा दिली होती. नुसत्या खडीच्या वाफ्यातून ती गाठेल याचा भरवसा नाही. फळझाडांना द्या, पण तुषार सिंचन नको. धुण्याच्या पावडरीतल्या सोडियमने माती कडक होते, म्हणून पाळीपाळीने झाडं बदला आणि मधूनमधून साधं पाणी द्या.

निचरा:
फळझाडांना ठिबक केलं तर?

ओलावा:
ड्रिपरची बारीक छिद्रं चिकट गाळाने लवकर बंद होतात. उघड्या तोंडाचा पाइप आळ्यापर्यंत न्या आणि आळ्यात पालापाचोळ्याचा जाड थर ठेवा. पाणी त्याच्याखाली मुरलं पाहिजे, वर दिसता कामा नये.