रिपॉझिटरीला मराठीत काय म्हणायचं?

रंकाळाकाठ: आमच्या कॉलेजला देणगीत आलेली जुनी पुस्तकं नि मोडी कागद स्कॅन करून डिजिटल रिपॉझिटरीत, म्हणजे ऑनलाइन संग्रहात, टाकतोय. फलकावर लिहिलं, 'विशेष संग्रह आता अंकीय भांडारात'. दुसऱ्या दिवशी एक पोरगं हजर: "मॅडम, भांडारात वह्या कितीला?" तर दुसरा शब्द सुचवा.

हळदपेव: पेव म्हणा की! सांगलीकडं हळद पेवात, म्हणजे जमिनीतल्या खोल खड्ड्यात, ठेवायचे, चांगली टिकायची.

मोडीवाला: पेव उघडल्याबरोबर आत उतरलं तर माणूस गुदमरतो. शिवाय 'पेव फुटलं' आपण क्लासेसबद्दल म्हणतो.

शुद्धमती: निक्षेपागार. निक्षेप म्हणजे विश्वासानं सोपवलेली ठेव. नेमका अर्थ.

मोडीवाला: तो उच्चारेपर्यंत ग्रंथालय बंद होईल.

रंकाळाकाठ: आणि नुसती ठेव नाही हो. डीस्पेससारख्या सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक कागदाची नोंद होते, त्याला कायमचा पत्ता मिळतो, कुणीही कुठूनही उघडावा. कोठारात 'देणं' कुठं आलं?

मोडीवाला: मग दप्तरखाना! रुमालाला क्रमांक घालायचा, यादी करायची, मागेल त्याला कागद काढून द्यायचा. दप्तरदार दुसरं काय करत होते?

शुद्धमती: परत फारसी. कवी माधव जूलियन इथंच कोल्हापुरात राजाराम कॉलेजात शिकवत होते, भाषाशुद्धीसाठी किती झटले!

मोडीवाला: त्यांनीच 1925 साली फार्शी-मराठी कोश केला. तो कुठल्या खात्यात धरायचा?

तांबडापांढरा: मुळात 'विशेष' कशाला? 'दुर्मिळ' लिहा.

रंकाळाकाठ: दुर्मिळ नाहीतच सगळी. निम्मी आजही दुकानात मिळतील. पण एका माणसानं आयुष्यभर जमवलेली, समासात त्याच्या नोंदी, म्हणून संच फोडायचा नाही. त्यातही लेखकाच्या निधनाला 60 वर्षं झाली नसतील तर परवानगीशिवाय पूर्ण पुस्तक खुलं करता येत नाही, नुसती नोंद दिसते. लोक त्यावरूनही भांडतात.

तांबडापांढरा: मग 'खासगीतला संग्रह'?

रंकाळाकाठ: कोल्हापुरात 'खासगी' म्हणजे राजघराण्याचा कारभार. तसं लिहिलं तर लोक राजवाड्यात चौकशीला जातील.

हळदपेव: थांबा, रुमाल म्हणजे कागदाचं गाठोडं? आमचे आजोबा डोक्याला बांधायचे तो रुमाल.

मोडीवाला: फडकं तेच. दप्तराला बांधलं की दप्तराचा रुमाल.

तांबडापांढरा: डोक्याला बांधतात तो पटका.

हळदपेव: पटका वेगळा, रुमाल वेगळा. आजोबांकडं दोन्ही होते.

रंकाळाकाठ: अहो, पेंटर दुपारी येतोय.

शुद्धमती: रू म्हणजे तोंड, माल म्हणजे पुसणारा. फारसीच आहे तोही.

तांबडापांढरा: पटक्यानं कोण तोंड पुसतंय?