प्रतिसाद: एकाच कुकरमधला खिमा-पास्ता
वर कुणीतरी विचारलंय, बीफच्या जागी काय घालायचं? २०१५ पासून राज्यात गोवंश हत्याबंदी आहे, त्यामुळे इकडे भुसावळ-जळगावकडे बीफ म्हणजे म्हशीचंच. नको असेल तर मटण खिमा घ्या. म्हशीचा खिमा जरा चिवट. कांदा-लसणावर परतून, थोडं पाणी घालून आधी तीन-चार शिट्ट्या काढा. मग त्यातच टोमॅटो, चमचाभर आपला काळा मसाला, २५० ग्रॅम पास्ता आणि तो जेमतेम बुडेल इतकं गरम पाणी. आता झाकण नुसतं ठेवायचं, शिट्टी केली की लगदा! मधूनमधून हलवा, पास्त्याच्या स्टार्चनेच रस्सा दाट होतो. चीज ऐच्छिक. वरून कच्चं शेंगदाणा तेल घेऊन बघा, मला तरी तेच जास्त आवडतं.