मदत हवी आहे: नेट गेल्यावर व्हिम या टेक्स्ट एडिटरची स्वॅप फाइल (सेव्ह न केलेले बदल ठेवणारी तात्पुरती फाइल) मागे राहिली, बदल कसे वाचवू?

नमस्कार मंडळी. क्लस्टरवरच्या (एकत्र जोडलेल्या अनेक संगणकांवरच्या) जॉब स्क्रिप्ट, म्हणजे तिथे चालवायच्या कामांच्या सूचनांच्या फाइल, मी एसएसएचने (दुरून लॉगिन करून) लॉगिन नोडवर, म्हणजे क्लस्टरमध्ये शिरण्याच्या संगणकावर, जाऊन व्हिममध्येच दुरुस्त करते. काल एका ४८ तासांच्या जॉबची स्क्रिप्ट लिहीत असताना नेट गेलं. शेवटचं सेव्ह करून तासभर तरी झाला होता, त्यामुळे जीव कासावीस झालाय.

परत लॉगिन करून तीच फाइल उघडली, तर ई३२५ चा इशारा आला: स्वॅप फाइल आधीच आहे. खाली रिकव्हर, डिलीट, क्विट वगैरे पर्याय. चुकीचं बटण दाबलं जाईल म्हणून क्यू दाबून बाहेर आले. ठिपक्याने सुरू होणारी ती लपलेली फाइल 'एलएस -ए' मध्ये दिसते आहे, तिला हात लावलेला नाही.

अडचण अशी की इशाऱ्यात होस्टचं नाव वेगळ्याच लॉगिन नोडचं आहे. होम डिरेक्टरी सगळीकडे एकच, पण जुनं व्हिम तिकडे अजून चालू असेल तर? आधी त्या नोडवर जाऊन 'पीएस' ने (चालू प्रोग्रामची यादी दाखवणारी कमांड) बघू, की सरळ 'व्हिम -आर' (स्वॅप फाइलमधून रिकव्हर) करू? रिकव्हर झालेला मजकूर दुसऱ्या नावाने सेव्ह करून मूळ फाइलशी 'डिफ' ने ताडायचा आणि मगच स्वॅप फाइल पुसायची, असं मनात आहे. हा क्रम बरोबर आहे ना?

आणि पुढच्या वेळेसाठी: टीमक्समध्ये (टर्मिनलची सेशन सर्व्हरवर चालू ठेवणारा प्रोग्राम) व्हिम उघडलं तर नेट गेलं तरी सेशन टिकतं, हे माहीत आहे. पण ते सेशन त्याच नोडवर राहतं. दर वेळी ठरावीक नोडवरच लॉगिन कसं करता तुम्ही?