आरटीईच्या मुलाशी वर्गात भेदभाव केला तर शाळेला दंड का नाही?

मीनल_ठाणे: आमच्या कामवाल्या मावशींच्या मुलीला गरीब, वंचित मुलांसाठीच्या पंचवीस टक्के राखीव जागांतून चांगल्या खासगी शाळेत प्रवेश मिळाला. सहलीचं पत्रक वर्गात सगळ्यांना मिळालं, तिला नाही. विचारल्यावर उत्तर आलं, "तुमचं आरटीईमधलं ना?"

म्हणून शिक्षण हक्क कायदा, २००९ (आरटीई) काढून वाचला. देणगी घेऊन प्रवेश दिला तर त्या रकमेच्या दहापटीपर्यंत दंड. प्रवेशासाठी मुलाखत घेतली तर पहिल्यांदा २५,००० रुपयांपर्यंत, पुढे दर वेळी ५०,०००. मान्यतेविना शाळा चालवली तर एक लाखापर्यंत. आणि दुर्बल, वंचित घटकांतल्या मुलांशी भेदभाव? कलम ८ आणि ९ म्हणतात, तो होऊ नये हे सरकारने आणि स्थानिक प्राधिकरणाने पाहावं. खासगी शाळेला त्यासाठी दंड नाहीच. कलम १७ मानसिक छळाला मनाई करतं, पण कारवाई सेवानियमांनुसार, म्हणजे खासगी शाळेत बहुतेकदा संस्थेच्याच हातात. कायद्यात दुरुस्ती करून दंड आणा, असं माझं ठाम मत आहे.

संस्थाचालक_सातारा: ताई, त्या मुलीला पत्रक न देणं चूकच. पण दंडाने हे सुटणार नाही. या मुलांची फी सरकार परत देतं, वर्षाला मुलामागे १७,६७० रुपये, आणि तेही वेळेवर येत नाहीत. आमच्यासारखी छोटी शाळा पगार कशातून करणार? त्यात उद्या प्रत्येक रागावण्याला 'भेदभाव' म्हणून नोटीस आली, तर शिक्षक त्या मुलांशी मोकळेपणाने बोलायचंच सोडतील. कलम ३२ खाली तक्रार करता येते, तीन महिन्यांत निर्णय द्यावा लागतो, वर बालहक्क आयोगाकडे अपील आहे. आधी ते वापरा.

मीनल_ठाणे: थकबाकी सरकारची आहे, सर. ती सहा वर्षांच्या पोरीकडून का वसूल करायची? फेब्रुवारी २०२४ मध्ये राज्य सरकारने एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल तर खासगी शाळेला या जागांतून सूट दिली होती. जुलैमध्ये उच्च न्यायालयाने ती रद्द केली. सरकारच अंग काढून घेत असेल, तर ते 'पाहील' या भरवशावर बसता येत नाही.

वकील_नागपूर: एक तफावत बघा. मूल अपंग असेल तर २०१६च्या अपंग हक्क कायद्याच्या कलम ८९ प्रमाणे उल्लंघनाला दंड आहे, पहिल्या वेळी १०,००० रुपयांपर्यंत, पुढे ५०,००० ते पाच लाख. अनुसूचित जाती-जमातीच्या मुलाला अ‍ॅट्रॉसिटी कायद्याचा आधार आहे. एचआयव्हीसह जगणाऱ्या मुलासाठी २०१७चा कायदा आहे. फक्त गरीब म्हणून वेगळं वागवलेल्या मुलाकडे असं काहीच नाही. भारताने १९९२ मध्ये बालहक्क करार स्वीकारला. त्याच्या अनुच्छेद २ मध्ये भेदभावाच्या कारणांत मालमत्ताही आहे, पालकांची असो वा मुलाची. ती बाजू आपल्या कायद्यात उघडी आहे.

संस्थाचालक_सातारा: वकीलसाहेब, ही तफावत मान्य. पण दंड संस्थेवर असावा, शिक्षकावर नको. आणि सरकारने पैसे थकवले तर त्यालाही व्याज लावा. दोन्ही एकाच दुरुस्तीत आलं तर मी विरोध करणार नाही.

प्रियांका_पिंपरी: माझा मुलगा याच जागेवर सहावीत आहे. मी तक्रार करणार नाही, स्पष्ट सांगते. उद्या सकाळी त्याला त्याच बाईंसमोर बसायचं आहे, आणि आठवीनंतर पूर्ण फी भरून तिथेच ठेवायचं की नाही हेही ठरवायचंय. दंड आला तरी अर्ज आईलाच करायचा असेल तर आमच्यापैकी फार थोड्या जणी पुढे येतील.

वकील_नागपूर: प्रियांकाताई, कलम ३२ मध्ये 'कोणतीही व्यक्ती' असं आहे. मीनलताईंनी स्वतःच्या नावाने अर्ज करावा. मावशींना विचारून, आणि पत्रक वाटल्याची तारीख लिहून.