२६ फुटी कॅम्पिंग ट्रेलरला जनरेटर किती केव्हीएचा? (खानापूर-जांबोटी पट्टा)

जांबोटी_रोड

शेतावर मुक्कामी पाहुण्यांसाठी मोठा ट्रेलर करायचा चाललाय. लांबी २६ फूट, रुंदी ८ फूट, दोन अॅक्सल. पुढचा भाग अमेरिकन फिफ्थ व्हीलसारखा वर उचललेला, त्यात बेड. चेसिस बेळगावच्या उद्यमबागेतल्या कारखान्यात सांगायची आहे, अजून कटिंग सुरू नाही. ऑक्टोबर ते मे एका जागी उभा राहील, मध्येच माघात चिंचलीच्या यात्रेला किंवा सौंदत्तीला न्यायचा विचार आहे.

लोड असा: दीड टन एसी, १९० लिटर फ्रिज, अर्धा एचपी पंप, ३ किलोवॅटचा इन्स्टंट गिझर, इंडक्शन, मायक्रोवेव्ह, मिक्सर, तीन पंखे, टीव्ही. दुकानदारानं बेरीज साडेनऊ किलोवॅट काढली आणि साडेबारा केव्हीएचा डिझेल सायलेंट घ्या म्हणाला. व्हिडिओत तर अमेरिकेतले लोक याहून मोठे ट्रेलर साडेपाच किलोवॅटवर चालवतात. खरं काय धरायचं? जनरेटर पुढच्या पेटीत बसवला तर चालेल का? हेस्कॉमची (इथली वीज कंपनी) लाईन शेतापर्यंत आहे, पण पावसाळ्याच्या तोंडाला भरवसा नाही.

वायरमन_निपाणी

दुकानदाराची बेरीज चुकलेली नाही, पण त्या बेरजेवर जनरेटर घ्यायचाच नसतो. आधी यादीला कात्री लावा.

इन्स्टंट गिझर काढा. ३ किलोवॅट पाच मिनिटांसाठी लागतात आणि त्यापायी जनरेटर दुप्पट होतो. बाहेरच्या भिंतीवर गॅस गिझर बसवा. बाथरूमच्या आत मात्र अजिबात नको. इंडक्शनऐवजी गॅस शेगडी. अर्धा एचपी पंप चालताना ६०० वॅट खातो, पण सुरू होताना दोन किलोवॅटच्या वर झटका मारतो. त्याच्या जागी २४ व्होल्टचा डायफ्राम पंप घ्या, १०० वॅटच्या आत काम होतं आणि रात्री नळ सोडायला जनरेटर लागत नाही. पंखे बीएलडीसी (कमी वीज खाणारे), प्रत्येकी ३० वॅट. एसी इन्व्हर्टरवालाच. साधा कॉम्प्रेसर सुरू होताना चालू करंटच्या चार-सहा पट ओढतो, इन्व्हर्टर एसी हळूहळू चढतो. जुना साधा एसी घरात पडलाय म्हणून तो बसवलात तर पुढचा सगळा हिशेब कोलमडेल.

आता एकावेळी लागणारा लोड: एसी १६००, फ्रिज १५०, पंखे-दिवे-टीव्ही २५०. म्हणजे दोन किलोवॅट. मायक्रोवेव्ह (८०० वॅटचा म्हणतात तो आत १२०० ते १३०० खातो) आणि मिक्सर हे दहा मिनिटांचे पाहुणे, ते बॅटरीवर सोपवा.

माझ्या मते रचना अशी असावी की ट्रेलर चालतो बॅटरीवर आणि जनरेटर फक्त बॅटरी भरतो.

बॅटरी: लिथियम आयर्न फॉस्फेट, २५.६ व्होल्ट २०० एएच, म्हणजे ५.१ युनिट. एसीशिवाय दिवसाचा खर्च तीन युनिटच्या आसपास (फ्रिज १, पंखे १, बाकी १). थंडीत जांबोटीकडे रात्री एसी लागतच नाही, तेव्हा एक बॅटरी पुरते. एप्रिल-मेमध्ये रात्रभर एसी हवा असेल तर आणखी चारेक युनिट धरा आणि दोन बॅटऱ्या समांतर लावा. १२ व्होल्टच्या भानगडीत पडू नका. ३ केव्हीएचा इन्व्हर्टर २४ व्होल्टवर पूर्ण लोडला ११५ अँपिअर ओढतो, १२ वर २३०. त्या करंटला केबल, लग, फ्यूज सगळंच अवघड आणि महाग होतं. २४ व्होल्टला ५० चौरस मिमीची तांब्याची केबल, लांबी दोन मीटरच्या आत, लग हायड्रॉलिक क्रिंपिंगनं दाबलेले (हातोडीनं ठोकलेले नकोत, तिथंच जळतं), आणि बॅटरीपासून वीतभर अंतरावर १५० अँपिअरचा डीसी फ्यूज. घरच्या इन्व्हर्टरचा चार्जर ट्यूबलर बॅटरीच्या सेटिंगवर असतो. लिथियमचं सेटिंग नसेल तर तो घेऊ नका.

जनरेटर: ३ केव्हीए पेट्रोल, इन्व्हर्टर प्रकारचा. पाटीवरचा आकडा समुद्रसपाटीचा असतो. आपला भाग साडेसातशे मीटरच्या आसपास, त्यात ७-८ टक्के गेले. एप्रिलच्या दुपारी आणखी थोडे. सलग चालवायला अडीच किलोवॅट धरा. ५० अँपिअरचा चार्जर जनरेटरकडून १५५० वॅट घेतो, चारेक तासांत रिकामी बॅटरी भरते. चार्जर घेताना पॉवर फॅक्टर विचारा. पीएफसी (पॉवर फॅक्टर सुधारणारं सर्किट) नसलेला स्वस्त चार्जर तेवढ्याच कामाला २.२ केव्हीए ओढतो. मग एसी आणि चार्जिंग एकत्र चालत नाही आणि लोक जनरेटरला शिव्या देतात. एसी चालू असताना चार्जिंग २० अँपिअरवर आणता येईल असाच चार्जर हवा.

एक लिटर पेट्रोलात पावणेदोन युनिट मिळाले तरी पुष्कळ. म्हणून छतावर ५४० वॅटचे चार पॅनेल टाका. एक पॅनेल २२८ × ११३ सेंमी, २८ किलोच्या आसपास. आडवे टाकले तर चारांना साडेचार मीटर लांबी लागते, जागा उरते. स्वच्छ उन्हात दिवसाला आठ युनिट. पावसाळ्यात त्या पट्ट्यात चौथाईही धरू नका, पण तेव्हा तुमचा हंगामही नाही.

अमेरिकन व्हिडिओंबद्दल: तिकडे १२० व्होल्ट ६० हर्ट्झ. त्यांचं '३० अँपिअर' म्हणजे ३६०० वॅट, आपल्या ३२ अँपिअरच्या निळ्या प्लगवर सात किलोवॅटच्या वर येतात. त्यांचं '५० अँपिअर' दोन फेजांचं, एकूण १२ किलोवॅट. आकडे जसेच्या तसे उचलले की घोळ होतो. साडेपाच किलोवॅटचा जनरेटर त्यांना लागतो तो छतावरच्या दोन-दोन साध्या एसींमुळे.

चिकोडी_डिझेल

पेट्रोल कशाला ओ? ५ केव्हीए डिझेल घ्या, आयुष्य तिप्पट. यात्रेत चार-पाच दिवस सलग चालवायला पेट्रोलचं मशीन टिकत नाही. डिझेल ट्रॅक्टरच्या कॅनमधूनही मिळतं.

वायरमन_निपाणी

सलग चालवायचा असेल तर तुमचं बरोबर आहे. पण इथं रोज तीन-चार तासच चालणार. ५ केव्हीए डिझेल सायलेंट कॅनोपीसकट दोनशे किलोच्या वर जातो. आणि रात्रभर फ्रिज-पंख्यांच्या ३०० वॅटवर चालवलात तर इंजिन तापतच नाही, अर्धवट जळलेलं डिझेल सायलेन्सरमधून काळं तेल होऊन गळतं, इंजेक्टर आणि व्हॉल्व्हवर काजळी बसते. डिझेलला किमान ३० टक्के लोड पाहिजेच. मंगल कार्यालयाला डिझेल, ट्रेलरला पेट्रोल, असं मी तरी म्हणेन.

मधला मार्ग हवा असेल तर २ केव्हीएचे दोन इन्व्हर्टर जनरेटर पॅरलल किटनं जोडा. एकेक वीस-बावीस किलोचा, एका माणसाला उचलतो. एक बिघडला तर दुसऱ्यावर निदान बॅटरी भरते.

उद्यमबाग_फॅब

जनरेटर नंतर. आधी ओढणार कशानं ते ठरवा, कारण चेसिस त्यावर ठरते.

फिफ्थ व्हीलमध्ये एकूण वजनाच्या १५ ते २५ टक्के भार पुढच्या किंगपिनवर (ओढणाऱ्या गाडीत अडकणारी खुंटी) येतो, २० धरून चला. पफ पॅनेलची (आत फोम भरलेला पत्रा) बॉडी, फर्निचर, पाणी, बॅटऱ्या मिळून ट्रेलर साडेचार टनांवर जाईल, म्हणजे पिनवर ९०० किलो. पिकअपचा पेलोड (गाडीवर लादायचं वजन) कागदावर तेवढा असेलही, पण मागचे साडेतीन टन आणि उतारावरचे ब्रेक त्या गाडीच्या हिशेबात धरलेले नसतात. तवंदी घाट उतरताना ते कळून उपयोग नाही. वर्षातून दोनदाच हलणार असेल तर रीतसर नोंदलेला ट्रॅक्टर हेड (ट्रेलर ओढणारा ट्रकचा पुढचा भाग) भाड्यानं घ्या आणि चेसिस त्याच्या कपलिंगच्या उंचीला करा. ५० मिमीचा स्टँडर्ड किंगपिन विकत आणायचा, लेथवर करून घ्यायचा नाही. आणि कटिंगच्या आधी ड्रॉइंग घेऊन आरटीओत जा. बॉडी झाल्यावर गेलात तर पासिंगसाठी काय काय कापावं लागेल सांगता येत नाही. रुंदी २.६ मीटरच्या आत ठेवा, त्यात बाहेर आलेली खिडकीची छज्जीसुद्धा मोजतात.

उसाच्या ट्रॉलीचे पाटे वापरू नका. ते दहा-बारा टनांना केलेले असतात. साडेचार टनांवर दबतच नाहीत आणि सगळा हादरा फर्निचरला जातो. त्या हादऱ्यानं आधी तीन गोष्टी जातात: सीपीव्हीसीचे कोपऱ्यावरचे सांधे, कपाटांच्या बिजागऱ्या आणि एसीचे फ्लेअर जॉइंट (तांब्याच्या नळीचे नटनं आवळलेले सांधे). पाण्याला कोपऱ्यांवर लवचिक नळी घाला. एसीचं बाहेरचं युनिट रबरी माउंटवर बसवा, तांब्याच्या नळीला एक पूर्ण वेटोळं द्या, म्हणजे हादरा वेटोळ्यात मुरतो. तरीही प्रत्येक हलवणीनंतर फ्लेअरवर साबणाचं पाणी लावून बघायचं. बुडबुडा आला की आवळण्याआधी एसीवाल्याकडून गॅस काढून फ्लेअर उघडून बघा, चीर असेल तर आवळून गळती थांबत नाही, वाढते.

पाण्याची टाकी ५०० लिटर म्हणजे अर्धा टन. ती दोन अॅक्सलच्या मधोमध, आत आडपडदे असलेली. हलवताना रिकामी किंवा पूर्ण भरलेली. अर्धी टाकी वळणावर ट्रेलर डोलवते. बॅटऱ्या अॅक्सलजवळ, जनरेटर पुढे. मागच्या टोकाला जड काही लटकवू नका, पिनवरचा भार हलका होतो आणि वेगात शेपूट हलायला लागतं.

पफ पॅनेल ५० मिमी. सांध्यांना पीयू सीलंट. साधा सिलिकॉन त्या पावसात दोन हंगामात सुटतो, आणि त्यावर नंतर दुसरं काही चिकटत नाही.

जांबोटी_रोड

गिझर, इंडक्शन काढले. ट्रॅक्टर हेडचं पटलं. मग ३ केव्हीएचा पेट्रोल पुढच्या पेटीत ठेवून तिथंच चालवला तर? आणि शेतपंपाच्या मीटरवरून तात्पुरती लाईन घेतली तर आर्थिंगचं काय?

वायरमन_निपाणी

पेटीत ठेवा, पेटीत चालवू नका. उघडा पोर्टेबल जनरेटर स्वतःचीच गरम हवा परत ओढतो, टाकीतलं पेट्रोल तापतं, मशीन बंद पडतं. आणि तुमच्या डिझाइनमध्ये त्या पेटीच्या वरच बेड आहे. कार्बन मोनॉक्साइडला (सीओ, धुरातला विषारी वायू) वास नसतो. किमान वीस फूट लांब, वाऱ्याच्या खालच्या बाजूला, धूर खिडकीकडे न येईल असा ठेवा. बेडजवळ सीओ अलार्म लावाच. स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड, म्हणून सिलिंडरच्या कप्प्याला तळाशी भोकं हवीत. तो कप्पा आणि जनरेटरची पेटी शेजारी नकोत. पाहुण्यांकडून पैसे घेणार, तर सिलिंडर व्यावसायिकच.

जनरेटर सपाट जागी हवा. उतारावर ठेवला की ऑइल एका बाजूला जातं, सेन्सर मशीन बंद करतो आणि लोक प्लग बदलत बसतात.

शेतपंपाच्या मीटरवर ट्रेलर नको. तो वापर त्या दरात बसत नाही, वेगळं कनेक्शन मागा. शिवाय आजूबाजूचे पंप एकदम सुरू झाले की व्होल्टेज १८० पर्यंत बसतं.

वायरिंग: ३२ अँपिअरचा तीन पिनी इंडस्ट्रियल इनलेट, ४ चौरस मिमीची तीन कोर लवचिक केबल. त्यानंतर 'हेस्कॉम, बंद, जनरेटर' असा ४० अँपिअरचा दोन पोलचा चेंजओव्हर. फेजबरोबर न्यूट्रलही तुटलाच पाहिजे, नाहीतर तुमचा जनरेटर लाईनवर चढलेल्या लाईनमनला शॉक देईल. पुढे ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच), मग एमसीबी. ट्रेलरची चेसिस, बॉडीची फ्रेम, सगळं ६ चौरस मिमीच्या हिरव्या वायरनं आर्थ पट्टीला.

यात बहुतेक जण एक गोष्ट सोडतात. छोट्या जनरेटरचा न्यूट्रल तरंगता असतो, बॉडीला जोडलेला नसतो. फेज चेसिसला लागली तरी करंटला परतीची वाट नाही, आरसीसीबी पडत नाही. म्हणून जनरेटरच्या बाजूला, आरसीसीबीच्या आधी, न्यूट्रल आणि आर्थ जोडून घ्यायचा. त्यासाठी जोडणी केलेला वेगळा प्लग जनरेटरच्याच सॉकेटला लावतात. हीच जोडणी ट्रेलरच्या बोर्डात केलीत तर हेस्कॉमवर असताना आरसीसीबी सारखा पडेल. बॅटरीवर चालताना इन्व्हर्टरचा न्यूट्रलही असाच तरंगता असू शकतो. आत आर्थ रिले असलेला इन्व्हर्टर घ्या. आणि टेस्ट बटण दाबल्यावर आरसीसीबी पडला म्हणून निर्धास्त राहू नका. ते बटण फेज-न्यूट्रलमध्येच गळती दाखवतं, आर्थिंग तपासत नाही. फेज आणि बॉडीच्या आर्थमध्ये आरसीसीबी टेस्टर लावून बघावं लागतं.

तुमच्याकडे जांभा आहे. एप्रिलमध्ये तो कोरडा ठणठणीत होतो आणि आर्थिंगचा रेझिस्टन्स चढतो. तीन मीटरचा रॉड, भोवती कोळसा-मीठ, वर चेंबर, उन्हाळ्यात आठवड्याला बादलीभर पाणी. चिकोडी-गोकाककडच्या काळ्या मातीत एवढं करावं लागत नाही.

चिकोडी_डिझेल

पेट्रोलच घेताय तर एवढं करा. पहिलं ऑइल २० तासांनी, पुढे दर १०० तासांनी. यात्रेच्या मैदानावर एअर फिल्टर रोज झटका, फुफाटा एका दिवसात भरतो. मेअखेर टाकी रिकामी करा, पेट्रोल कॉक बंद करून मशीन आपोआप थांबेपर्यंत चालवा, मग कार्बोरेटरच्या तळाचा स्क्रू सैल करून उरलेलं काढा. हल्लीच्या पेट्रोलात इथेनॉल असतं, चार महिने पडलं की ओल ओढतं आणि जेटमध्ये चिकटा धरतो. ऑक्टोबरात पाहुणे दारात आणि मशीन दोरी ओढून सुरू होत नाही, ते बहुतेक यामुळंच.