अनुभव लिहा: मुलाचं न दिसणारं जनावर हरवलं तेव्हा

माझी लेक पाच वर्षांची. वर्षभरापासून तिच्याकडे चांदी नावाचं वासरू आहे, दिसतं फक्त तिलाच. परवा दारव्ह्याहून येताना चांदी एसटीत चढलीच नाही म्हणते. तेव्हापासून दावं हातात घेऊन कडब्याच्या गंजीमागे, न्हाणीत, धुऱ्यावर शोधते आहे. सासूबाईंना बाहेरची बाधा वाटली. मी त्यांना मार्जोरी टेलर यांच्या अमेरिकेतल्या २००४ च्या अभ्यासाचं सांगितलं: सातव्या वर्षापर्यंत सुमारे ६५ टक्के मुलांना असा मनातला सवंगडी असतो, जिवंत मानलेली खेळणी धरून. त्या निवल्या, लेक नाही. तुम्ही काय केलंत?

हिंगणघाटकडून
माझा कोल्हा पऱ्हाटीत हरवला होता. वेचणीचे दिवस. आबाजींनी टॉर्च घेतला अन् विचारलं, "कोन्त्या तासात दिसला होता बाप्पा?" गुडघे धरलेले आबाजी एकेका झाडाखाली वाकून उजेड टाकत होते. वाळल्या बोंडांनी माझ्या पोटऱ्या ओरबाडल्या. शेवटी बोरीखाली भाकरीचा तुकडा ठेवून म्हणाले, "भूक लागली तं येईन." कोल्हा आला नाही, पण मी त्या रात्री झोपलो.

साकोलीहून
आम्ही "दुसरा आणू" म्हणालो. तसं म्हणू नका. पोरगा दोन दिवस बोलला नाही.

घाटंजी तालुक्यातून
वैरण संपली म्हणून आम्ही गोऱ्हा विकला. आठवड्यात पोराने मनातला गोऱ्हा आणला, सानीपाण्यासकट. एका सकाळी तोही दिसेना. पोरगा म्हणाला, "बाबा, तुनं त्यालेई इकला काय?" हातातला चहा तसाच राहिला. मी त्याला बैलबाजाराच्या मैदानात नेलं. बाजाराचा दिवस नव्हता. खुंट्याखुंट्याला थांबून आम्ही पाहिलं. एका खुंट्यापाशी तो बसला, मातीवरून हात फिरवला अन् म्हणाला, "अथीच होता." विकलेला गोऱ्हा मी तिथेच बांधला होता, पोराला ते कोणी सांगितलं नव्हतं. मी त्याच्याजवळ बसून खरं काय झालं ते सांगितलं. तो रडला, मीही रडलो. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, तान्ह्या पोळ्यात, सगळी पोरं आपापले लाकडी नंदी ओढत मारुतीच्या पारापाशी जमली. आमच्याच्या हातात दोन दोऱ्या होत्या. एक नंदीची, एक मोकळी.

दारव्ह्याहून, पुन्हा
सगळ्यांचं वाचलं. आज लेकीला घेऊन स्टँडवर गेले. कंट्रोलरसाहेबांनी वही उघडली, पेनाचं टोपण काढलं अन् विचारलं, "रंग कोणता, बाई?"
"पांढरा. कपायावर तांबडा टिया."
त्यांनी लिहून घेतलं.