मदत हवी आहे: शाईचे निसर्गचित्र एआयकडून नीट येत नाही

मुक्ता_प: जुन्या पूर्व आशियाई शैलीतले डोंगर आणि धुके मी एआयकडून काढून घेत आहे; पण प्रॉम्प्ट कितीही बदलला तरी लाल सूर्य, पॅगोडा आणि चेरीचा बहर चित्रात घुसतोच. चित्र उद्या द्यायचे आहे. कृपया नेमका प्रॉम्प्ट सांगावा.

रानवारा: चिनी, जपानी की कोरियन शैली? साधन कोणते आणि सध्याचा प्रॉम्प्ट काय, हे कळल्याशिवाय सांगणे कठीण आहे.

निळी_लाट: माझ्या अनुभवाने उकियो-ए, म्हणजे लाकडी ठशांनी छापलेल्या जुन्या जपानी चित्रांची शैली, सर्वांत खात्रीची. ‘लाकडी ठशांचे जपानी चित्र, प्रशियन निळा, वरच्या कडेला गडद आणि खाली फिके होत जाणारे आकाश’ एवढे लिहून पाहा.

शाईवेडा: धुके मागणाऱ्याला ठशांची चित्रे सुचवणे मला पटत नाही, कारण तिथे आकृती ठळक रेषेत बांधलेली असते.

निळी_लाट: जपानी चित्रकार हिरोशिगेच्या तोकाइदो रस्त्यावरील मालिकेतले मिशिमा गावाचे चित्र पाहावे, पहाटेच्या धुक्यातील दूरचे वाटसरू आणि झाडे त्याने बाह्यरेषेशिवाय, नुसत्या छायेत छापली आहेत.

मुक्ता_प: साधन मिडजर्नी, शैली चिनी, पुस्तकाचे उभे मुखपृष्ठ. प्रॉम्प्ट: ‘एशियन झेन लँडस्केप, मिस्टी माउंटन्स, सिनेमॅटिक, ८के’.

शाईवेडा: मिशिमाचा मुद्दा मान्य, पण यांना चिनी शैली हवी आहे. ताई, ‘एशियन’ आणि ‘झेन’ आधी काढा. इतक्या मोघम शब्दांवर सगळे ठरावीक साचे गोळा होतात, आणि ‘सिनेमॅटिक’मुळे छायाचित्राचा प्रकाश येतो. त्याऐवजी काळ, साहित्य आणि रचना लिहा: ‘उत्तर सोंग काळातील उभे गुंडाळीचित्र, जुन्या तपकिरी रेशमावर काळी शाई, मध्यभागी उंच डोंगर, पायथ्याशी कोरे सोडलेले धुके, खाली अगदी लहान वाटसरू’. त्या काळातील चिनी चित्रकार गुओ शीचे १०७२ सालचे ‘अर्ली स्प्रिंग’ समोर ठेवा; त्यात धुके रंगवून नव्हे, तर रेशीम मोकळे सोडून साधले आहे. सूर्य, फुले आणि पॅगोडा ‘नो’ पॅरामीटरमध्ये, म्हणजे चित्रात काय नको ते सांगण्याच्या जागी, टाका.

छपाईघर: मुखपृष्ठाला मॅट लॅमिनेशन करून घ्या, चकाकीत शाईच्या फिक्या छटा मरतात.

मुक्ता_प: सूर्य आणि पॅगोडा गेले, डोंगरही छान आला. मनापासून आभार. मात्र कोपऱ्यात लाल शिक्का आणि चिनी अक्षरांची ओळ आली आहे. ती ठेवू का?

शाईवेडा: ठेवू नका. अशी अक्षरे बहुधा निरर्थक असतात आणि चिनी वाचणाऱ्याच्या ती लगेच लक्षात येतात. तेवढा भाग निवडून पुन्हा काढून घ्या, म्हणजे तिथे नुसते रेशीम राहील.